नवीन पार्ट टाकल्यावर पीसी हँग होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे क्रमानं करा

रॅम वाढवली, एसएसडी टाकली किंवा ग्राफिक कार्ड बसवलं, पहिला दिवस मशीन भारी पळाली आणि दुसऱ्या दिवसापासून मधेच अडकायला लागली. अशा वेळी बहुतेक जण पहिलं काम काय करतात तर विंडोज उडवून नवीन टाकतात. अख्खा रविवार त्यात जातो, टॅली, कोरल, फोटोशॉप, प्रिंटरचे ड्रायव्हर सगळं परत टाकायचं, आणि सोमवारी सकाळी मशीन परत हँग. मग नवीन पार्ट काढून दुकानात नेतात, तिथं टेबलावर तो व्यवस्थित चालतो आणि दुकानदाराशी वाद होतो.

चूक क्रमाची आहे. हार्डवेअर बदलल्यावर हँग सुरू झाला असेल तर तपास हार्डवेअरपासून सुरू करायचा आणि विंडोज सगळ्यात शेवटी. आणि दुसरी गोष्ट, नवीन पार्ट खराबच असेल असं नाही. नवीन पार्टमुळं जुना कमकुवत पार्ट उघडा पडतो, असं मी तरी जास्त वेळा बघितलंय. सहा-सात वर्षं जुन्या एसएमपीएसवर (सगळ्या मशीनला पॉवर देणारा डबा) नवीन ग्राफिक कार्ड टाकलं तर दोष कार्डाचा दिसतो आणि असतो एसएमपीएसचा.

खालचा क्रम मोडू नका. एका वेळी एकच बदल करायचा, बघायचं, मग पुढं जायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि हँग थांबला तर तो कशानं थांबला हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि महिन्यानं परत सुरू झाला की परत शून्यापासून सुरुवात.

१) हात लावायच्या आधीची तयारी

एक वही घ्या, नाहीतर मोबाईलमध्ये लिहा. काय बदललं, कोणत्या तारखेला, पहिला हँग कधी आला, त्यावेळी काय चालू होतं, हे सगळं. गेम चालू असताना, फाईल कॉपी करताना, का मशीन नुसतीच पडून असताना? हे पाच मिनिटांचं काम लोक टाळतात आणि मग सगळं अंदाजावर चालतं.

काढलेला जुना पार्ट विकू नका, कुणाला देऊ पण नका. जुनी ४ जीबीची रॅम, जुनी हार्ड डिस्क, जुनं कार्ड, हेच तुमचं तपासाचं हत्यार आहे. निदान महिनाभर तरी जपून ठेवा.

बॅकअप घ्यायचाच, पण इथं एक मोठी चूक होते. रॅमवर संशय असेल तर नवीन रॅम लावलेली असताना बॅकअप घेऊ नका. खराब रॅममधून कॉपी झालेली फाईल कुठलीही एरर न देता बिघडू शकते, म्हणजे लग्नाच्या अल्बमचे फोटो कॉपी झाल्यासारखे दिसतील आणि उघडताना अर्धा फोटो करडा. म्हणून आधी नवीन रॅम काढायची, जुनी लावायची, मशीन नीट चालतीय बघायचं आणि मग बॅकअप. खराब रॅमवर मारलेला एसएसडीचा क्लोनसुद्धा (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) याच कारणानं भरवशाचा नाही.

विंडोज ११ असेल तर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लागणारं विंडोजचं कुलूप, चालू आहे का बघा. पुष्कळ मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की ते आपोआप चालू होतं आणि मालकाला पत्ताच नसतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम) काही बदललं की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की आधी कागदावर उतरवून घ्या, मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन केल्यावर सापडते. की नसेल तर डेटा गेला समजा, यात दुकानदारपण काही करू शकत नाही.

सामान: फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह, टॉर्च, कोरं पांढरं खोडरबर आणि तुमच्या मदरबोर्डचं मॅन्युअल मोबाईलमध्ये डाउनलोड केलेलं. मॅन्युअल हवंच. पुढं दोन ठिकाणी ते नसेल तर तुम्ही नुसते चाचपडत बसाल.

२) हँग कसला आहे ते ओळखा

सगळे हँग एकसारखे नसतात. पुढच्या वेळी अडकली की लगेच रिसेट दाबू नका, आधी एवढं बघा:

- कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा चालू-बंद होत असेल तर मशीन आतून जिवंत आहे, म्हणजे ग्राफिक, ड्रायव्हर किंवा डिस्कचा भाग. दिवा ढिम्म असेल आणि गाण्याचा एकच तुकडा घर्रर्र करत अडकला असेल तर रॅम, प्रोसेसर, बोर्ड किंवा पॉवर.
- माऊस फिरतोय पण कुठलीच विंडो उघडत नाही, घड्याळ थांबलंय, आणि मिनिटभरानं सगळं एकदम सुटतं. हे जवळजवळ नेहमी डिस्कचं.
- स्क्रीन काळी होऊन परत येते किंवा रंगीत चौकोन दिसतात. ग्राफिक कार्ड. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा, यानं ग्राफिक ड्रायव्हर रिसेट होतो. चित्र परत आलं तर दिशा मिळाली.
- फक्त गेम किंवा रेंडरिंगच्या वेळी: पॉवर, उष्णता किंवा कार्ड.
- नुसती पडून असताना, चहा पिऊन येईपर्यंत अडकलेली: पॉवर सेव्हिंगची सेटिंग. हे शेवटी शेवटी येतंय.

मग परत चालू केल्यावर स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्ज आणि त्यात सिस्टिम. हँग झालेल्या वेळेच्या आधीच्या पाच-दहा मिनिटांतल्या लाल आणि पिवळ्या नोंदी बघा. 'डिस्क' नावाची ७, ११ किंवा १५३ नंबरची नोंद किंवा स्टोरेज ड्रायव्हरची १२९ असेल तर डिस्क, केबल किंवा त्यांचा पोर्ट. 'डिस्प्ले' ४१०१ म्हणजे ग्राफिक ड्रायव्हरनं उत्तर देणं थांबवलं होतं. 'व्हिया लॉगर' (WHEA-Logger) दिसलं तर हार्डवेअरनं स्वतः तक्रार केलीय, ती नोंद उघडून कुठल्या भागाचं नाव आहे ते लिहून घ्या.

थांबा: 'कर्नल पॉवर ४१' ही नोंद तुम्हाला नक्की दिसेल आणि नावात पॉवर आहे म्हणून लोक धावत जाऊन नवीन एसएमपीएस आणतात. ४१ चा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाऊन न होता बंद झाली. तुम्ही स्वतः बटण दाबून धरून बंद केली तरी ४१ येतेच. तिच्यावरून काहीही ठरवू नका.

३) लाईट, अर्थिंग, एसएमपीएस

मशीन उघडायच्या आधी हे, कारण यात काहीच खोलावं लागत नाही.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलंय. वायरमनला बोलवून मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. एक-दोन व्होल्ट ठीक, त्याच्या वर बरंच असेल तर आधी ते दुरुस्त करा. कोल्हापुरातल्या जुन्या पेठांमधल्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो पण मागं अर्थची वायर जोडलेलीच नसते, हे नेहमीचंच आहे. आणि उद्यमनगर किंवा शिरोलीसारख्या ठिकाणी ऑफिस असेल, आजूबाजूला लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंग चालू असेल, तर मोठी मोटर चालू होताना व्होल्टेज दबतो. तुमचा हँग फक्त कामाच्या वेळेत येतो आणि सुट्टीच्या वारी मशीन मस्त चालते, असं वहीत दिसलं तर इथंच शोधा.

यूपीएस: साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी ताकद बहुधा ३६० वॅटच्या आसपास असते, मागच्या लेबलवर वाचा. ग्राफिक कार्ड टाकल्यावर मॉनिटर धरून भार त्याच्या वर जात असेल तर लोडवर गडबड होणारच. तपासायला मशीन एक दिवस यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड काढून थेट भिंतीच्या चांगल्या सॉकेटवर चालवा. त्या दिवशी महत्त्वाचं काम करू नका आणि ढगाळ असेल तर हा प्रयोग पुढं ढकला.

आता एसएमपीएस. हिशोब असा की कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या केबलमधून ७५ आणि ८ पिनच्या केबलमधून १५०. कार्डावर दोन ८ पिन असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या वायरी आणा, एकाच वायरीला पुढं फुटलेली दोन टोकं लावून काम भागवू नका. मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीचा ४ पिनचा कनेक्टर) ८ पिन करणारा स्वस्तातला कन्व्हर्टर तर अजिबात नको, तो वितळलेला बघितलाय. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस असेल तर त्यावर ४५० किंवा ५०० काहीही छापलेलं असू द्या, मी त्यावर ग्राफिक कार्ड लावत नाही.

सावधान: मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-लावता येणारा एसएमपीएस बदलला तर जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका. पिन बसतात, पण आतली जोडणी कंपनीगणिक आणि कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येसुद्धा वेगळी असते. चुकीची केबल लावून चालू केलं की एसएसडी आणि हार्ड डिस्क जागेवर जळते.

४) उघडा, काढा, परत बसवा

पॉवर केबल काढा, मग चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेला करंट निघून जातो. लॅपटॉप असेल तर आतल्या बॅटरीचा कनेक्टर आधी काढायचा. हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा आणि काम करताना मधून मधून परत करा. गालिच्यावर बसून काम नको.

रॅम काढून तिचे सोनेरी पाय खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, कचरा झटकून मगच परत बसवा, रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडता कामा नये. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत जी ओल असते ती पायांवर थर धरते, त्यामुळं जुन्या स्लॉटमध्ये हे जास्त लागतं. बसवताना दोन्ही टोकं समान दाबायची आणि क्लिपचा आवाज यायला पाहिजे. एका बाजूनं अर्धी बसलेली रॅमसुद्धा डिस्प्ले देते, आणि मग तास-दोन तासांनी अडकते. म्हणून 'डिस्प्ले आला म्हणजे नीट बसली' हे डोक्यातून काढा.

ग्राफिक कार्ड काढून परत दाबा, मागचा स्क्रू घट्ट करा म्हणजे ते लटकणार नाही. एम डॉट टूच्या (थेट बोर्डावर बसणाऱ्या, पट्टीसारख्या) एसएसडीचा बारीक स्क्रू लावलाय का बघा. बोर्डाचा २४ पिनचा आणि प्रोसेसरजवळचा ८ पिनचा कनेक्टर काढून परत दाबा, यातला दुसरा कोपऱ्यात लपलेला असतो आणि अर्धवट बसलेला मी पुष्कळदा बघितलाय. मदरबोर्ड बदलला असेल तर बोर्डाखाली जादाचा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो खुंट) राहिलाय का तपासा, जिथं बोर्डाला भोक नाही तिथं स्टँडऑफ असेल तर शॉर्ट होतो.

तपासणी: एवढं करून मशीन दिवसभर नेहमीच्या कामाला वापरा. थांबला हँग? मग इथंच थांबा, पुढं काही करू नका.

५) बायोस

बायोसमध्ये जाऊन आधी सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढा. साटा मोड (डिस्क कशी चालवायची ती सेटिंग) एएचसीआय आहे का रेड, बूट मोड काय, हे विशेषतः. मग 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' करा. डिफॉल्टनंतर विंडोज चालूच झाली नाही तर घाबरू नका, बहुतेकदा साटा मोड बदललेला असतो, फोटो बघून परत तोच ठेवा. एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम पाकिटावरच्या वाढीव वेगानं चालवणारी सेटिंग) बंद राहू दे. ओव्हरक्लॉक, अंडरव्होल्ट काही केलं असेल तर ते पण बंद.

बायोसमध्ये जाताच येत नसेल तर पॉवर काढून सीआर २०३२ चा सेल पाच मिनिटं बाहेर काढून ठेवा.

मग बायोस अपडेट. नवीन प्रोसेसर किंवा नवीन रॅम टाकली असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण बोर्ड कंपन्या रॅमशी जुळवून घ्यायचं काम बायोस अपडेटमधूनच करतात. इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसर टाकला असेल तर अपडेट नाही असं चालणारच नाही. त्या प्रोसेसरांना जास्त व्होल्टेज जाऊन ते अस्थिर होत होते, त्यावर इंटेलनं २०२४ च्या ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतले दुरुस्ती-अपडेट) दिले, ते बायोसमधूनच येतात. पण आधीच झालेलं नुकसान त्यानं भरून निघत नाही. सेकंडहँड घेतलेला तसला प्रोसेसर अपडेटनंतरही अडकत असेल तर प्रोसेसरच गेलेला असू शकतो. इंटेलनं या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवलीय, त्यामुळं बिल शोधून ठेवा.

सावधान: हँग होत असलेल्या मशीनवर बायोस अपडेट मारू नका. आधी जुनी रॅम लावून, एक्सएमपी बंद ठेवून, मशीन स्थिर करा आणि मगच, ते पण यूपीएसवर. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचं आभाळ भरून आलं असेल तर अपडेट सकाळसाठी ठेवा, मधेच लाईट गेली की बोर्ड मुका होतो.

६) रॅम: इथं घाई करू नका

अपग्रेडनंतरच्या हँगमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ इथं देतो आणि तुम्ही पण द्या.

आधी जागा बघा. चार स्लॉटच्या बोर्डावर दोनच रॅम असतील तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात, बोर्डावर त्यांची नावं ए २ आणि बी २. पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी-शेजारी लावलेल्या तर सगळीकडं दिसतात. तुमच्या बोर्डाचं नेमकं काय ते मॅन्युअलमध्ये बघून खात्री करा.

मग टेस्ट. मेमटेस्ट ८६ या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पेनड्राइव्हवर टाका आणि त्यावरून मशीन चालू करा. ती चार फेऱ्या मारते, १६ जीबीला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपा. एक जरी लाल एरर आली तरी नापास. 'एकच आली, चालतंय की' असं रॅमच्या बाबतीत नसतं. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक पटकन होतं खरं, पण त्यात पास झालेली रॅम मेमटेस्टमध्ये नापास झालेली बघितलीय, त्यामुळं त्याच्या पासवर विसंबू नका.

टेस्टचा क्रम:

1. एक्सएमपी बंद, फक्त नवीन रॅमची एक पट्टी, ए २ मध्ये. चार फेऱ्या.
2. तीच जागा, दुसरी पट्टी.
3. दोन्ही पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये, एक्सएमपी बंद.
4. आता एक्सएमपी चालू करून परत.

निकाल असा वाचा. पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीत एरर आली तर ती पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. एरर पट्टीबरोबर गेली तर पट्टी खराब, बदलून घ्या. एरर स्लॉटलाच चिकटून राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसरची बैठक. कूलर एका बाजूनं जास्त आवळला असेल तर इंटेलच्या सॉकेटवर रॅमचा एक चॅनेल गडबडतो, म्हणून कूलर सैल करून परत समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळून बघा. आणि पहिल्या तीन पायऱ्या पास होऊन फक्त चौथीत एरर येत असेल, तर बिघाड असा काही नाही, तुमचा बोर्ड-प्रोसेसर तो वेग पेलत नाहीय.

हे शेवटचं नीट समजून घ्या कारण भांडणं यावरूनच होतात. डीडीआर ४ रॅमच्या पाकिटावर ३६०० हा वेग लिहिलाय म्हणजे ती एक्सएमपीवर, १.३५ व्होल्टवर तेवढी जाते. साधा व्होल्टेज १.२ आणि एक्सएमपी बंद असताना तीच पट्टी २१३३ किंवा २६६६ वर चालते. दोन पट्ट्या ज्या वेगाला स्थिर असतात तिथं चार पट्ट्या असतीलच असं नाही, कारण प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर भार वाढतो. डीडीआर ५ या नव्या पिढीच्या रॅममध्ये तर फरक प्रचंड आहे. रायझन ७००० प्रोसेसरसाठी ते बनवणाऱ्या एएमडीनंच दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार पट्ट्यांना ३६०० एवढाच वेग अधिकृत ठेवलाय. त्यामुळं ६००० च्या दोन पट्ट्या होत्या, अजून दोन तशाच आणल्या आणि हँग सुरू झाला, यात दुकानदारानं फसवलेलं नाही.

आता सगळ्यात नेहमीची केस. डीटीपीचं काम करणारा पोरगा, मशीनमध्ये जुनी ८ जीबीची एक पट्टी, कोरल जड फाईलला दमतं म्हणून दुसऱ्या कंपनीची ८ जीबी आणून शेजारी लावली. दोन्हीवर ३२००. पण एक साध्या १.२ व्होल्टवरच ३२०० जाणारी, दुसरीला त्यासाठी १.३५ लागतात, टायमिंग पण वेगळं. एक्सएमपी चालू केली की बोर्ड कुणाचं ऐकणार? अशा जोडीला एक्सएमपी बंद करून २६६६ वर ठेवा, कोरलला वेगात जाणवण्याएवढा फरक पडत नाही आणि मशीन अडकत नाही. मधला मार्ग पाहिजे असेल तर हातानं २९३३ लावा आणि मेमटेस्टची रात्र परत काढा. आणि खरेदीच करायची असेल तर एका पाकिटातली जोडी घ्या, जुनी पट्टी काढून ठेवा.

सावधान: डीडीआर ५ टाकल्यावर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, बोर्ड रॅमशी जुळवाजुळव करत असतो. त्यात घाबरून बटण दाबून बंद करू नका. दहा मिनिटं थांबा.

७) एसएसडी आणि जुनी हार्ड डिस्क

डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टल डिस्क इन्फो टाका आणि सगळ्या डिस्क बघा, नुसती नवीन नाही. साटा डिस्कवर (केबलनं जोडलेली डिस्क) सी ७ च्या ओळीतला आकडा वाढत असेल तर केबल बदला, शंभर-दीडशे रुपयांचं काम. ०५ किंवा सी ५ समोर शून्य सोडून काही असेल तर डिस्क जायला लागलीय.

आणि इथं एक गोष्ट जी कुणाच्या ध्यानात येत नाही. नवीन एसएसडीवर विंडोज टाकली, जुनी हार्ड डिस्क डेटासाठी तशीच आत ठेवली. ती डिस्क मरायला टेकलेली असेल तर तिच्यातला एक फोल्डर वाचायला गेलं की सगळं एक्स्प्लोरर अडकतं आणि शिव्या नवीन एसएसडीला. जुनी डिस्क काढून एक दिवस चालवून बघा. काढल्यावर मशीन चालूच झाली नाही तर कळलं की बूटची फाईल अजून जुन्या डिस्कवरच आहे, म्हणजे विंडोज टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या होत्या.

एम डॉट टू स्लॉट आणि साटा पोर्ट कधीकधी एकच लाईन वाटून घेतात. मॅन्युअलमध्ये तक्ता असतो, बघा, आणि केबल दुसऱ्या पोर्टला हलवा.

क्लोन मारलेली विंडोज असेल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ चालवा. दुरुस्त होत नाही असं म्हणाली, किंवा ज्या डिस्कवरून क्लोन घेतला तीच खराब होती, तर आता विंडोज नवीन टाका. हो, फॉरमॅटची पाळी आत्ता येते, रॅम पास झाल्यावर. टाकताना फक्त नवीन एसएसडी जोडलेली ठेवा, बाकी सगळ्या डिस्कच्या केबल काढा.

८) ग्राफिक कार्ड आणि ड्रायव्हर

आधीचं कार्ड एका कंपनीचं आणि नवीन दुसऱ्या कंपनीचं असेल तर जुना ड्रायव्हर मुळापासून काढा. नेट बंद करा, सेफ मोडमध्ये जा, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे सॉफ्टवेअर चालवा, रिस्टार्ट, मग कार्डाची चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरचा ताजा ड्रायव्हर. बोर्ड बदलला असेल तर चिपसेटचा ड्रायव्हर बोर्ड कंपनीच्या साइटवरून. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' म्हणणारं कुठलंही सॉफ्टवेअर नको, त्यानं टाकलेले चुकीचे ड्रायव्हर काढण्यातच दिवस जातो.

कार्ड खरंच दोषी आहे का बघायला कार्ड काढून ऑनबोर्ड डिस्प्लेवर (प्रोसेसरमधलाच ग्राफिक) एक दिवस चालवा. इंटेल प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असेल तर ऑनबोर्ड डिस्प्ले नसतो, रायझन ५००० मध्ये जी नसलेल्यांना नसतो. मग जुनं कार्ड लावा, म्हणूनच ते विकू नका म्हटलं. कार्ड उभं करायला रायझर केबल वापरली असेल तर ती काढून थेट स्लॉटमध्ये लावून बघा, किंवा बायोसमध्ये स्लॉट जेन ३ वर, म्हणजे कमी वेगावर ठेवा. जुन्या रायझर जेन ४ चा वेग पेलत नाहीत.

९) उष्णता

तापमान दाखवणारं एचडब्ल्यू इन्फो चालू ठेवून काम करा. रायझन ५००० ची कमाल मर्यादा बहुतेक मॉडेलना ९० ते ९५ अंश, इंटेलच्या बहुतेकांची १००. लोडवर लगेच तिथं टेकत असेल तर कूलर काढा. कूलरच्या तळाची प्लॅस्टिक फिल्म काढायची राहिलेली असते, हे खरंच होतं. एएम ४ सॉकेटचा (रायझन ५००० ज्यात बसतो तो) कूलर सरळ वर ओढू नका, मशीन थोडी चालवून गरम करा, बंद करा आणि कूलर फिरवत सोडवा, नाहीतर प्रोसेसर पिनांसकट सॉकेटमधून उपटून येतो.

१०) पडून असताना अडकणारी मशीन

रायझन असेल तर बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' शोधा आणि 'टिपिकल करंट आयडल' ठेवा. जुने एसएमपीएस अगदी कमी भाराला नीट चालत नाहीत, त्यावर हा उपाय आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये पीसीआय एक्सप्रेसचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद करा, आणि कंट्रोल पॅनेलमधून फास्ट स्टार्टअप पण बंद करा. एकेक करून, मध्ये दिवस सोडून.

११) खात्री आणि दुकानात जाताना

हँग थांबला असं वाटल्यावर लगेच एक्सएमपी, ओव्हरक्लॉक सगळं परत चालू करू नका. आठवडाभर नेहमीचं काम होऊ दे. मग ओसीसीटीसारखं मशीनवर पूर्ण भार टाकून तपासणारं सॉफ्टवेअर तासभर चालवा, तापमानावर डोळा ठेवून, आणि त्यानंतर एकेक सेटिंग परत आणा.

पार्ट खराबच निघाला तर नुसता पार्ट हातात घेऊन जाऊ नका. मेमटेस्टच्या लाल स्क्रीनचा फोटो, डिस्क इन्फोचा फोटो, इव्हेंटची नोंद, सिरीयल नंबर दिसणारं बिल आणि तुमची वही. 'दादा, पीसी हँग होतोय' म्हटलं की तो पहिला प्रश्न विंडोजचा विचारणार. त्याऐवजी 'दादा, ही पट्टी ए २ मध्ये एकटी, एक्सएमपी बंद, दुसऱ्या फेरीत एरर देतीय, जुनी पट्टी त्याच जागी पास आहे' असं सांगा. पाकिटं आणि स्टिकर जपून ठेवा, स्टिकर फाटलं की वॉरंटी अडते. दोष फक्त तुमच्या बोर्डावर दिसत असेल तर अख्खं कॅबिनेट घेऊन जा आणि मेमटेस्टचा पेनड्राइव्ह बरोबर ठेवा, त्याच्या टेबलावर टेस्ट लावताना रॅमचा वेग आणि व्होल्टेज तुमच्याकडं होता तोच ठेवायला सांगा, नाहीतर तिथं पास आणि घरी परत नापास.